यंत्र बंद पडणारच : लहान क्लस्टरच्या परीक्षेचा इतिहास

१/
डिसेंबर २००४. सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या एका परिषदेत गूगलचे जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी एक शोधनिबंध सादर केला. त्यात एका विलक्षण प्रयोगाची नोंद आहे. सुमारे १,८०० साध्या संगणकांवर एक टेराबाइट डेटाची क्रमवारी लावण्याचे काम चालू होते. काम रंगात आले असताना १,७४६ कामकरी प्रक्रियांपैकी २०० प्रक्रिया मुद्दाम बंद पाडण्यात आल्या. एरवी ८९१ सेकंदांत संपणारे हे काम तेव्हा ९३३ सेकंदांत संपले. उशीर झाला तो अवघा पाच टक्क्यांचा.

२/
आपणच उभारलेली व्यवस्था आपल्याच हातांनी मोडायची आणि तरीही काम पुरे होते का ते पाहायचे, ही परीक्षेची रीत संगणकाच्या इतिहासात सहजासहजी आलेली नाही. तिच्यामागे वीस वर्षांची वाटचाल आहे. आज कोणीही चार जुने संगणक, एक स्विच आणि लिनक्स घेऊन हीच परीक्षा आपल्या टेबलावर घेऊ शकतो. ही शक्यता कोठून आली, तिच्यासाठी कोणी काय सोडले आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला तिच्याशी काय कर्तव्य आहे, हे या धाग्यात पाहू. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

३/
आरंभ जुन्या समजुतीपासून करू. काम मोठे असेल तर यंत्र मोठे हवे, आणि काम महत्त्वाचे असेल तर यंत्र कधीही बंद न पडणारे हवे, असे दीर्घकाळ मानले जाई. बँका आणि शेअर बाजार यांच्यासाठी अमेरिकेतील टँडेम ही कंपनी असेच संगणक बनवी. १९७६ पासून विकल्या जाणाऱ्या या यंत्रमालिकेचे नावच ‘नॉनस्टॉप’ होते. महत्त्वाचा प्रत्येक भाग दुहेरी. एक गेला तर दुसरा सज्ज. विश्वासार्हता यंत्राच्या अंगातच भरलेली असे आणि तिची किंमत ग्राहक मोजत असे.

४/
याच टँडेममध्ये जिम ग्रे हे संशोधक काम करीत. १९८५ साली त्यांच्या लेखणीतून दोन गोष्टी आल्या आणि आपल्या कथेचे दोन्ही धागे तेथूनच निघतात. पहिली गोष्ट म्हणजे ‘डेटामेशन’ मासिकातील लेख. संगणकांची तुलना करण्यासाठी त्यात काही चाचण्या सुचविल्या होत्या. त्यांपैकी एक अगदी साधी : प्रत्येकी १०० बाइटच्या दहा लाख नोंदी घ्या आणि पहिल्या १० बाइटच्या किल्लीनुसार त्यांची क्रमवारी लावा. पुष्कळ सहकाऱ्यांचा हातभार लागल्यामुळे लेखकाच्या जागी नाव छापले गेले ते ‘अज्ञात आणि इतर’ असे. या १०० बाइटच्या नोंदीची आठवण ठेवावी. ती पुढे पुन्हापुन्हा भेटणार आहे.

५/
दुसरी गोष्ट होती एक अहवाल. संगणक बंद का पडतात, हा त्याचा विषय. टँडेमच्या ग्राहकांकडून आलेल्या बिघाडांच्या नोंदी ग्रे यांनी तपासल्या. निष्कर्ष अनपेक्षित होता. ४२ टक्के बिघाड माणसांच्या हाताळणीतून, म्हणजे देखभाल, जुळणी आणि चालवणे यांतील चुकांतून झाले होते. २५ टक्के सॉफ्टवेअरमुळे. प्रत्यक्ष यंत्रे मोडल्याने झालेले बिघाड होते केवळ १८ टक्के. क्लस्टर उभारताना पहिले दोन दिवस कशात जातात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या आकड्यांचे नवल वाटणार नाही.

६/
त्याच दशकात पुण्यात वेगळ्या वाटेने एक प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. अमेरिकेकडून अद्ययावत महासंगणक मिळण्यात अडथळे आल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक प्रोसेसर एकत्र जोडून तो घडविला होता. एका बलाढ्य प्रोसेसरऐवजी अनेक लहान प्रोसेसरांना एका कामावर लावण्याचा विचार तेथे होता. मात्र ट्रान्सप्यूटर ही खास या कामासाठी बनलेली वस्तू. कोपऱ्यावरच्या दुकानात ती मिळत नसे.

७/
त्याच १९९१ सालच्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले. मार्च १९९४ मध्ये लिनक्सची १.० आवृत्ती आली. तिचे मोल केवळ फुकट असण्यात नव्हते. तिची संहिता उघडी होती. नेटवर्क कार्ड नीट चालत नसेल तर कंपनीला पत्र लिहून उत्तराची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. ज्याला येते त्याने ते कार्ड चालविणारा ड्रायव्हर स्वतः दुरुस्त करावा. पुढची घटना या एका सोयीवाचून घडली नसती.

८/
१९९४ चा उन्हाळा. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात नासाचे गोडार्ड अवकाश केंद्र आहे. तेथे थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी इंटेलचे डीएक्स-४ प्रोसेसर असलेले १६ साधे संगणक साध्या इथरनेटने जोडले. त्या काळच्या इथरनेटचा वेग सेकंदाला १० मेगाबिट. प्रोसेसरांच्या मानाने तो तोकडा पडे. बेकर हे लिनक्ससाठी इथरनेटचे ड्रायव्हर लिहिणारे गृहस्थ. एकाच यंत्रातील अनेक जोडण्या मिळून एकच वाहिनी असल्यासारख्या चालाव्यात, अशी व्यवस्था त्यांनी केली. या जोडणीला नाव मिळाले बेवुल्फ : जुन्या इंग्रजी महाकाव्यातील राक्षसाशी झुंजणारा वीर.

९/
बेवुल्फचे खरे यश त्या १६ यंत्रांत सामावलेले नाही. त्याची कृती, म्हणजे पाककृती म्हणतो त्या अर्थाने कृती, सर्वांना मिळाली. यंत्रे कोणती घ्यावीत, केबल कशा जोडाव्यात, सॉफ्टवेअर कोणते वापरावे, हे सारे खुले होते. १९९९ मध्ये त्यावर पुस्तकही निघाले. महासंगणकाच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहण्याऐवजी विद्यापीठांतील लहान विभाग आपापले क्लस्टर बांधू लागले. ज्याच्याकडे मोठे अनुदान त्यालाच मोठे गणित, या समीकरणाला पहिला तडा येथे गेला.

१०/
तरीही बेवुल्फला एक मर्यादा होती. तो गणितासाठी घडला होता. हवामानाची प्रतिकृती किंवा द्रवांचा प्रवाह अशा कामांत यंत्रे एकमेकांना सतत संदेश पाठवीत राहतात. त्यांपैकी एक यंत्र मध्येच गेले की सामान्यतः सारे गणित कोलमडे आणि मागे जपून ठेवलेल्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागे. १६ यंत्रांत हे सोसते. हजार यंत्रांत रोज कोठेतरी एखादी डिस्क जाणारच. संख्या वाढली की अपवादाचा नियम होतो, आणि नियमासाठी वेगळी रचना लागते.

११/
ही अडचण पहिल्यांदा तीव्रतेने भासली ती शोधयंत्रे बांधणाऱ्यांना. २००२ मध्ये डग कटिंग आणि माइक कॅफरेला यांनी ‘नच’ नावाचे मुक्त शोधयंत्र बांधायला घेतले. जगातील पाने शोधण्याची किल्ली एकदोन कंपन्यांच्याच हाती राहू नये, हा त्यामागचा हेतू. जून २००३ पर्यंत दहा कोटी पानांचे प्रात्यक्षिक उभे राहिले. पुढचा पल्ला मात्र अब्जावधी पानांचा होता आणि कोणता तुकडा कोणत्या यंत्रावर आहे, हे हाताने सांभाळणे अशक्य होत चालले होते.

१२/
ऑक्टोबर २००३ मध्ये गूगलचा एक शोधनिबंध आला : घेमावत, हॉवर्ड गोबिऑफ आणि शुन-टाक लुंग यांचा, ‘गूगल फाइल सिस्टीम’वरचा. त्यातील पहिले गृहीतक असे की भाग निकामी होणे ही नित्याची बाब समजावी. यंत्रे स्वस्त, त्यांवर लिनक्स. प्रत्येक फाइलचे ६४ मेगाबाइटचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवायच्या. एक यंत्र गेले तर उरलेल्या प्रतींवरून नवी प्रत आपोआप तयार होते. टँडेमने जी विश्वासार्हता महागड्या यंत्रात भरली होती, ती येथे स्वस्त यंत्रांच्या परस्परसंबंधात आली.

१३/
साठवण झाली, आता काम. डीन आणि घेमावत यांच्या ‘मॅपरिड्यूस’ची कल्पना दप्तरखान्याच्या उदाहरणाने समजून घेऊ. समजा, पेशवे दप्तरातील हजार रुमालांत कोणत्या गावाचा उल्लेख किती वेळा येतो ते मोजायचे आहे. पन्नास कारकून बसवा. प्रत्येकाने आपल्यापुढचा रुमाल उलगडावा आणि जे गाव दिसेल त्याची चिठ्ठी लिहावी. ही पहिली पायरी, मॅप. मग साऱ्या चिठ्ठ्या गावानुसार वेगळ्या कराव्यात आणि दुसऱ्या फळीतील कारकुनांनी आपल्या वाट्याच्या गावांची बेरीज करावी. ही दुसरी पायरी, रिड्यूस.

१४/
या योजनेतील मर्म असे की कोणत्याही कारकुनाला शेजाऱ्याशी बोलावे लागत नाही. एखादा मध्येच उठून गेला तर त्याचा रुमाल दुसऱ्याला द्यावा, इतकेच. बाकीच्यांचे काम थांबत नाही. रेंगाळणाऱ्यांवरही उपाय होता : शेवटी काही रुमाल उरले की तेच काम आणखी एकाला द्यायचे आणि जो आधी संपवील त्याचे ग्राह्य धरायचे. ही तरतूद बंद ठेवल्यावर ८९१ सेकंदांचे काम १,२८३ सेकंदांवर गेले. थोडक्यात, रेंगाळणाऱ्या यंत्रांनी केलेली हानी २०० प्रक्रिया बंद पडल्याने झालेल्या हानीपेक्षा कितीतरी मोठी ठरली. आणि या चाचणीतील नोंद किती बाइटची होती? १००. ग्रे यांचीच.

१५/
गूगलने निबंध दिले. संहिता दिली नाही. ती कटिंग आणि कॅफरेला यांनी निबंध वाचून स्वतः लिहिली. २००६ च्या आरंभी कटिंग याहूमध्ये गेले आणि नचमधील हा भाग वेगळा होऊन ‘हडूप’ जन्माला आला. नाव त्यांच्या मुलाच्या पिवळ्या खेळण्यातील हत्तीचे. अपाचे प्रतिष्ठानच्या छत्राखाली तो सर्वांना खुला झाला. पुढे जानेवारी २०१० मध्ये मॅपरिड्यूसचे अमेरिकी पेटंट गूगलला मिळाले, तेव्हा वापरणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गूगलने अपाचेला त्याचा परवाना दिला. मुक्त ज्ञान कधीकधी एका सहीवर उभे असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

१६/
आरंभीचा हडूप किती कच्चा होता, हे त्याच्याच चाचण्या सांगतात. एप्रिल २००६ मध्ये १८८ यंत्रांवर, प्रत्येक यंत्रामागे १० गिगाबाइट डेटा देऊन क्रमवारी लावली, ४७.९ तास लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तशाच चाचणीला २० यंत्रांवर १.८ तास, १०० यंत्रांवर ३.३, ५०० वर ५.२ आणि ९०० यंत्रांवर ७.८ तास लागले. प्रत्येक यंत्रामागचा डेटा सारखाच, म्हणून वेळही सारखाच राहायला हवा होता. तो वाढत गेला. यंत्रे जोडली की वेग आपसूक येतो, हा भ्रम या चार आकड्यांनी दूर व्हावा.

१७/
एप्रिल २००८ मध्ये याहूच्या ९१० यंत्रांवरील हडूपने एक टेराबाइटची क्रमवारी २०९ सेकंदांत लावून जागतिक विक्रम केला. ज्यांच्या चाचणीतून ही स्पर्धा उगम पावली ते जिम ग्रे हे पाहायला नव्हते. जानेवारी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात ते आपल्या नौकेसह बेपत्ता झाले. उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांचे तुकडे करून ते असंख्य स्वयंसेवकांत वाटण्यात आले आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या तुकड्यात ती नौका शोधली. ती सापडली नाही. क्रमवारीच्या स्पर्धेतील एका चाचणीला आज त्यांचेच नाव आहे.

१८/
आता इतिहासकाराच्या अंगणात येऊ. २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला १८५१ ते १९२२ या काळातील आपले लेख वाचकांना खुले करायचे होते. स्कॅन केलेली चित्रे चार टेराबाइट. लेख एक कोटी दहा लाख. एकेक लेख चित्रांच्या अनेक तुकड्यांत विखुरलेला. डेरेक गॉटफ्रिड या एका अभियंत्याने ॲमेझॉनची १०० यंत्रे भाड्याने घेऊन हडूपवर हे काम चोवीस तासांच्या आत उरकले. काम झाल्यावर निकालात एक चूक आढळली, तेव्हा त्याने सारे पुन्हा एकदा चालविले. पूर्वी ज्यासाठी स्वतंत्र यंत्रसामग्री विकत घ्यावी लागली असती, ते काम दोनदा करणे परवडू लागले.

१९/
‘दोनदा करणे परवडले’ या शब्दांपाशी थांबावे. संशोधनात पहिला प्रश्न बहुधा चुकीचा विचारला जातो. उत्तर पाहिल्यावर खरा प्रश्न कळतो. ज्याला यंत्र एकदाच मिळते त्याला पहिल्याच प्रश्नावर समाधान मानावे लागते. ज्याचे यंत्र स्वतःचे, तो चुकू शकतो. वृत्तपत्रे, जनगणनेचे तक्ते, गॅझेटियर, मोडी कागद यांचे स्कॅन वाढत जाणार आहेत. त्यांना कोण आणि किती वेळा प्रश्न विचारू शकेल, हे यंत्रांच्या मालकीवर ठरू नये असे वाटत असेल, तर लहान क्लस्टर उभारता येणे ही आपल्या विषयाचीही गरज आहे.

२०/
म्हणून आता उभारणी. विद्यापीठांच्या विभागांत जुने संगणक निर्लेखित होऊन कोपऱ्यात पडून असतात. तसे चार पुरतात. एक प्रमुख, तीन कामकरी. चारही यंत्रांवर लिनक्सची एकच आवृत्ती आणि जावाची एकच आवृत्ती घ्यावी. प्रत्येकाला कायम पत्ता आणि नाव द्यावे. ती नावे चारही ठिकाणच्या होस्ट्स फाइलींत सारखी लिहावीत. प्रमुखाला पासवर्ड न विचारता इतर यंत्रांत शिरता यावे म्हणून एसएसएचची किल्ली तयार करून वाटावी. मग हडूप उतरवून त्याच्या जुळणीच्या फाइलींत प्रमुख कोण, डेटा कोठे ठेवायचा आणि प्रती किती, हे लिहावे.

२१/
येथे ग्रे यांचे ४२ टक्के भेटतात. उबुंटूसारख्या प्रणाली होस्ट्स फाइलीत यंत्राचे नाव १२७.०.१.१ या पत्त्याशी जोडून ठेवतात. हा पत्ता म्हणजे यंत्राने स्वतःलाच मारलेली हाक. ती ओळ तशीच राहिली की प्रमुख स्वतःशीच बोलत बसतो आणि कामकरी बाहेर ताटकळतात. दुसरा नेहमीचा फटका : काही बिघडले म्हणून प्रमुखाची साठवण पुन्हा फॉरमॅट केली जाते. तेव्हा क्लस्टरला नवा ओळखक्रमांक मिळतो. कामकऱ्यांकडे जुनाच असतो, म्हणून ते सामील होण्यास नकार देतात. यंत्रे धडधाकट असूनही क्लस्टर बंद.

२२/
उभारणी झाल्यावर परीक्षा पायरीपायरीने घ्यावी. प्रथम जेपीएस ही कमांड देऊन प्रत्येक यंत्रावर अपेक्षित सेवा चालू आहेत का ते पाहावे. मग हडूपसोबत येणारे पायची किंमत काढण्याचे उदाहरण चालवावे. त्याला डेटा जवळजवळ लागत नाही, त्यामुळे कामवाटप ठीक आहे का एवढेच कळते. त्यानंतर टेस्ट-डीएफएसआयओने लिहिण्या-वाचण्याचा वेग मोजावा. शेवटी टेराजेन, टेरासॉर्ट आणि टेराव्हॅलिडेट हे त्रिकूट : पहिला डेटा बनवितो, दुसरा क्रमवारी लावतो, तिसरा ती तपासतो. टेराजेनला नोंदींची संख्या सांगावी लागते. एक कोटी सांगितली तर एक गिगाबाइट होतो, कारण प्रत्येक नोंद १०० बाइटची. १९८५ चा तो लेख असा आपल्या टेबलापर्यंत पोहोचतो.

२३/
आता खरी परीक्षा. टेरासॉर्ट चालू असताना एका कामकरी यंत्राची नेटवर्क केबल काढावी आणि घड्याळाकडे पाहत बसावे. कामकरी दर तीन सेकंदांनी प्रमुखाला आपण जिवंत असल्याचे कळवितो. हा ठोका थांबला तरी प्रमुख त्याला लगेच मृत समजत नाही. मूळ जुळणीनुसार साडेदहा मिनिटे वाट पाहतो. कामवाटप करणारी व्यवस्थाही सुमारे दहा मिनिटे थांबते. या अवधीत काम गोठल्यासारखे दिसते आणि नवखा माणूस घाबरून सारे बंद करतो. बंद करू नये. मृत घोषित झालेल्या यंत्राचे काम इतरांकडे जाते आणि उरलेल्या प्रतींवरून नव्या प्रती बनू लागतात.

२४/
लहान क्लस्टरमध्ये दोन गोष्टी मात्र आधीच पाहाव्यात. हडूपच्या मूळ जुळणीत प्रती तीन असतात. कामकरीही तीनच असतील तर एक गेल्यावर तिसरी प्रत ठेवायला जागाच उरत नाही. क्लस्टर चालतो, पण सावरत नाही. म्हणून तीन कामकऱ्यांवर दोन प्रती ठेवणे बरे. दुसरी गोष्ट सूक्ष्म आहे. टेरासॉर्ट आपला निकाल, वेगळे सांगितले नाही तर, एकाच प्रतीत ठेवतो. वेग मोजण्यासाठी ते चालते. केबल काढण्याच्या परीक्षेत तयार झालेला निकालच हरवू शकतो. तेथेही दोन प्रती सांगाव्यात आणि शेवटी टेराव्हॅलिडेट न विसरता चालवावा.

२५/
मग प्रमुखाचीच केबल काढली तर? सारे थांबते. कोणता तुकडा कोठे आहे, हे एकट्या प्रमुखाला ठाऊक असते. कामकऱ्यांच्या मृत्यूची इतकी तरतूद करणाऱ्या रचनेने प्रमुखाच्या मृत्यूचा प्रश्न बरीच वर्षे अनुत्तरित ठेवला. ‘दुय्यम नेमनोड’ नावाची एक सेवा होती, पण तिच्या नावाने अनेकांना फसविले. ती प्रमुखाची जागा घेत नसे, फक्त त्याच्या नोंदवहीची आवराआवर करी. सज्ज उत्तराधिकाऱ्याची सोय आली ती हडूपच्या दुसऱ्या पिढीत. ही पिढी ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वसामान्य वापरासाठी प्रसिद्ध झाली. राज्यव्यवस्थांचा इतिहास वाचणाऱ्यांना वारसाहक्काचा हा घोळ अपरिचित वाटणार नाही.

२६/
पुराभिलेखांचे काम करणाऱ्यांसाठी आणखी एक सावधगिरी. हडूप मोठ्या फाइलींसाठी घडला आहे. प्रत्येक फाइल आणि प्रत्येक तुकडा प्रमुखाच्या स्मृतीत सुमारे १५० बाइट जागा अडवितो. एक कोटी लहान फाइली म्हणजे, आशय कितीही थोडा असो, सुमारे तीन गिगाबाइट स्मृती. आपले साहित्य नेमके असेच असते : एकेका पानाची एकेक फाइल, पाने लाखो. जुना संगणक प्रमुख म्हणून बसविला असेल तर तो येथे गुदमरतो. म्हणून पाने वर्षानुसार किंवा अंकानुसार मोठ्या गठ्ठ्यांत बांधून मगच आत न्यावीत. दप्तरखान्यात सुटे कागद रुमालात बांधले जात, तसेच.

२७/
आणि क्लस्टर नको हे कधी म्हणावे? २०१५ मध्ये फ्रँक मॅकशेरी, मायकेल आयसार्ड आणि डेरेक मरे यांनी एक खोचक निबंध लिहिला. आलेखांवरील काही गणिते त्यांनी एका लॅपटॉपवर, एकाच प्रोसेसर-गाभ्यावर चालविली आणि शंभरावर गाभ्यांच्या क्लस्टरवर चालणाऱ्या काही नामांकित प्रणालींच्या प्रसिद्ध निकालांना मागे टाकले. यंत्रे वाढविल्यावर वेग वाढतो, एवढे दाखविणे पुरेसे नाही. तेच काम एक यंत्र नीट लिहिलेल्या प्रोग्रामने किती वेळात करते, हे आधी मोजावे, असा त्यांचा आग्रह. आपला डेटा एका डिस्कवर मावत असेल तर प्रथम हाच हिशेब करावा.

२८/
विक्रमांचे काय झाले, हेही सांगून टाकू. २०१३ मध्ये हडूपने २,१०० यंत्रांवर सुमारे १०० टेराबाइटची क्रमवारी ७२ मिनिटांत लावली. पुढच्याच वर्षी बर्कलीत जन्मलेल्या ‘स्पार्क’ने २०६ यंत्रांवर १०० टेराबाइट २३ मिनिटांत उरकले. आज नवे काम बहुधा स्पार्कवर सुरू होते आणि हडूपचे मॅपरिड्यूस मागे पडले आहे. पण स्पार्कमध्येही हरवलेला भाग नव्याने घडविण्याची तरतूद पायातच आहे. साधने बदलली, यंत्र बंद पडणार हे गृहीतक कायम राहिले.

२९/
समारोप. १९७६ चा नॉनस्टॉप संगणक सांगे की मी बंद पडणार नाही. २००४ चा क्लस्टर सांगतो की माझ्यातले कोणीतरी आत्ता बंद पडत असेल, तरी काम पुरे होईल. पहिले आश्वासन विकत घ्यावे लागे. दुसरे बांधता येते, कारण कोणी ड्रायव्हर उघडे ठेवले, कोणी कृती छापली, कोणी निबंध दिले, कोणी ते वाचून संहिता लिहिली आणि फुकट वाटली. या साखळीतला एकही दुवा अपरिहार्य नव्हता. प्रत्येक ठिकाणी दार बंद ठेवण्याचा पर्याय उपलब्ध होता.

३०/
तेव्हा ज्यांच्या विभागात चार संगणक धूळ खात आहेत, त्यांनी निर्लेखनाच्या कागदावर सही होण्यापूर्वी ते मागून घ्यावेत. पहिल्या दिवशी होस्ट्स फाइल तपासावी. क्लस्टर चालू झाला म्हणून आनंदाने थांबू नये. चालत्या कामात एक केबल काढावी, साडेदहा मिनिटे धीर धरावा आणि निकाल तपासावा. तो बरोबर आला तरच त्यावर आपले कागद ठेवावेत.

धागा येथे संपला. कोणत्या विभागाने असा प्रयोग केला असेल तर किती यंत्रे, कोणते साहित्य आणि केबल काढल्यावर काय घडले, हे खाली अवश्य लिहावे.